स्वतःपुरती केलेली शॉर्टफिल्म लोकांना दाखवायची कशी?

अर्धविराम

नमस्कार मंडळी,

रखडत रखडत एक शॉर्टफिल्म पूर्ण झाली आहे. अकरा मिनिटांची. गोष्ट नाही, पात्रं नाहीत. माझा धाकटा भाऊ दूर राहतो आणि त्याला टाइप करायचा जाम कंटाळा, म्हणून तो व्हॉइस नोट्स पाठवतो. त्यात काही म्हणजे काही नसतं. 'बस चुकली.' 'कुलूप लावलं का तेच आठवत नाहीये.' कधी नुसती जिना चढतानाची धाप आणि शेवटी 'बरं, ठेवतो'. मी त्या पुसल्या नव्हत्या. फिल्ममध्ये आवाज सगळा त्याचा आहे आणि चित्र सगळं माझ्या घरातलं: दाराची कडी, फिरता पंखा, भिंतीवरून सरकणारा उन्हाचा तुकडा. आवाज आणि चित्र एकमेकांशी जुळत नाहीत. तो आहे तिथे मी नाही, एवढंच फिल्मला म्हणायचंय.

मित्रांना लिंक पाठवली. एकाने 'भारी शूट केलंयस' म्हटलं, एकाने 'पुढे काय होतं?' विचारलं, आणि एकाने फोनवर दीडपट वेगाने बघितल्याचं स्वतःहून, अभिमानाने सांगितलं.

तर प्रश्न असा. फेस्टिवलला पाठवावी की सरळ यूट्यूबवर टाकून मोकळं व्हावं? आणि दाखवण्याआधी प्रेक्षकांना काही सांगावं का? माझं मत, सांगू नये. सांगावं लागत असेल तर फिल्ममध्येच काहीतरी कमी आहे. तुमचे अनुभव लिहा.

तिरकस

दीडपट वेगाने म्हणजे साडेसात मिनिटांच्या आत आटोपली. त्या मित्राला एडिटर म्हणून घ्या. (दिवे घ्या, गंमत आहे)

रिळवाला

अभिनंदन. पूर्ण झाली हेच मोठं, निम्म्या फिल्म्स हार्डडिस्कमध्येच म्हाताऱ्या होतात.

यूट्यूबवर लगेच टाकू नका. बऱ्याच फेस्टिवलांना प्रीमियर लागतो: कुणाला जागतिक, कुणाला निदान त्यांच्या देशातला पहिला खेळ. फिल्म आधीच सगळ्यांसाठी खुली असेल तर काही ठिकाणी प्रवेशिका बाद होते, काहींना त्याचं काहीच वाटत नाही. नियमावलीतलं ते एक कलम आधी वाचायचं, बाकीची नंतर. आधी फेस्टिवल, मग ऑनलाइन हा क्रम उलटा करता येत नाही, म्हणून घाई नको.

लांबी सोयीची आहे. ऑस्करच्या व्याख्येत श्रेयनामावली धरून ४० मिनिटांपर्यंतची फिल्म शॉर्ट ठरते, पण ती कागदावरची मर्यादा झाली. निवड करणाऱ्याला साधारण दीड तासाच्या एका खेळात सात-आठ फिल्म्स बसवायच्या असतात. पस्तीस मिनिटांची एक घेतली की तीन जणांना नकार द्यावा लागतो. अकरा मिनिटांची कुठेही बसते.

आणि सरसकट सगळीकडे पाठवू नका. जिथे गोष्ट सांगणाऱ्या फिल्म्सच घेतात तिथे तुमची फिल्म पहिल्या दोन मिनिटांत बंद होईल. प्रायोगिक कामाला जागा देणारे महोत्सव जुने आहेत. जर्मनीतला ओबरहाउझेनचा १९५४ पासून आहे, अमेरिकेतला अ‍ॅन आर्बरचा १९६३ पासून. त्यांनी गेल्या दोन-तीन वर्षांत काय निवडलं ते बघा. तुमची फिल्म त्या यादीत शोभेल असं वाटलं तरच फी भरा.

एक बारीक गोष्ट: पासवर्ड लावलेली लिंक दिलीत की निकाल लागेपर्यंत पासवर्ड बदलायचा नाही. निवड समिती महिनोन् महिने बघत असते आणि 'लिंक उघडत नाही' असं कळवायला कुणी बसलेलं नसतं.

घुबड

रिळवाला यांच्या माहितीबद्दल आदर आहे, पण हे फेस्टिवलचं वेड जरा अतीच होतंय. फी भरा, वाट बघा, 'यंदा प्रवेशिका फार होत्या' असा मेल वाचा, पुन्हा फी भरा. तोवर ज्याला फिल्म दाखवायची तो माणूस राहिला बाजूला.

अमेरिकेतल्या प्रायोगिक फिल्मवाल्या माया डेरेनचं उदाहरण घ्या. घरातच, नवऱ्याच्या साथीने, १६ मिमीवर १९४३ मध्ये पहिली फिल्म केली. वितरक वगैरे मिळणार नाही हे दिसत होतं, तर १९४६ मध्ये न्यूयॉर्कमधलं एक छोटं नाट्यगृह भाड्याने घेतलं आणि स्वतःच्या तीन फिल्म्स लावल्या. ते बघून एमस व्होगेलला सुचलं की असं नियमित करता येईल. १९४७ मध्ये त्याने आणि त्याच्या बायकोने 'सिनेमा १६' नावाची फिल्म सोसायटी काढली. ती १९६३ पर्यंत चालली आणि ऐन भरात सात हजारांच्या आसपास सभासद होते. एका बाईने भाड्याने घेतलेल्या नाट्यगृहापासून हे सुरू झालं, कुठल्या निवड समितीपासून नाही.

खोली, प्रोजेक्टर, पांढरी भिंत, वीस माणसं. फेस्टिवल त्यानंतर.

रिळवाला

@घुबड, दोन्ही करता येतं हो. वीस ओळखीच्या माणसांना दाखवल्याने प्रीमियर जात नाही. जाहिरात करून तिकीट लावलंत तर जातो.

खिडकी

मला दुसऱ्या प्रश्नावर लिहायचंय. 'काही सांगू नये' याच्याशी मी असहमत.

आम्ही काही जण एका छोट्या खोलीत अशा फिल्म्स दाखवतो. काहीच न सांगता लावली की पहिली चार मिनिटं लोक गोष्ट शोधतात. हा कोण, हे घर कुणाचं, आता कुणीतरी येणार का. चार मिनिटांनी कंटाळा येतो, आणि तो फिल्मचा नसतो, शोधून न सापडल्याचा असतो. अकरातली चार गेली म्हणजे तिसरा हिस्सा पाण्यात.

सांगायचं म्हणजे अर्थ सांगायचा नाही. 'अकरा मिनिटांची आहे. गोष्ट नाही. आवाज आणि चित्र वेगवेगळ्या ठिकाणचे आहेत.' बास. 'दुराव्याची वेदना', 'आधुनिक माणसाचं एकटेपण' यातलं एक अक्षर उच्चारलंत तर लोक तेवढंच बघतील आणि बाहेर पडताना तुमचंच वाक्य तुम्हाला परत देतील. मिनिटं मात्र जरूर सांगा. किती वेळ बसायचंय हे कळलं की माणूस सैलावतो.

दुसरं, बसायची जागा. फिल्म करणाऱ्याने मागे, कडेला बसावं आणि पडदा बघू नये, माना बघाव्यात. मान कधी खाली जाते, कोण शेजाऱ्याकडे वळतं, खोकल्याची साथ कुठल्या शॉटला सुरू होते. नंतर तोंडावर सगळे छानच म्हणतात, मानेला मात्र भीड नसते.

तिसरं, फिल्म छोटी असेल तर दोनदा दाखवा. एकदा लावा, दहा मिनिटं गप्पा, मग पुन्हा. दुसऱ्या वेळी गोष्ट शोधणं संपलेलं असतं आणि माणसं खरोखर ऐकायला लागतात. मधल्या गप्पांत 'कशी वाटली?' विचारू नका, त्याला 'छान' याशिवाय उत्तर नाही. 'कुठला आवाज आठवतोय?' किंवा 'कुठे लक्ष उडालं?' असं विचारा. एकदा एका बाईंनी, फिल्ममध्ये कुठेच नसलेला मांजराचा आवाज ऐकल्याचं सांगितलं होतं. दिग्दर्शक तिथल्या तिथे वही काढून बसला.

तिरकस

मांजर बहुतेक शेजारच्या खोलीतलं. त्यालाही कुणी सांगितलं नव्हतं की गोष्ट नाही.

आवाजवाला

धाग्याचा विषय माझा, उशिरा पोचलो.

@अर्धविराम, व्हॉइस नोट्स म्हणजे दाबलेला मोनो आवाज. वरच्या पट्टीतला सगळा भाग आधीच छाटलेला असतो. तो 'स्वच्छ' करायच्या नादी लागू नका. नॉइज रिडक्शन जरा जास्त चढलं की माणूस पाण्याखालून बोलल्यासारखा येतो. खरखर राहू दे. ती खरखर म्हणजेच अंतर आहे की नाही?

तुमच्या घरातला आवाज मात्र वेगळा, नीट माइकने घ्या. खोलीचा निव्वळ आवाज, कुणी न बोलता, निदान एक मिनिटभर. तो खाली अंथरला की नोट सुरू होताना आणि संपताना जो खड्डा पडतो तो भरतो. खड्डा हवाच असेल तर ठेवा, पण ठरवून ठेवा.

ज्या मित्राने फोनवर बघितली त्याने वेगळीच फिल्म बघितली. पंख्याची घरघर खालच्या पट्टीत असते, फोनचा एवढासा स्पीकर ती वाजवूच शकत नाही. म्हणजे त्याच्यासाठी पंखा मुका होता आणि भाऊ एकटाच बोलत होता. लिंक पाठवताना 'हेडफोन लावा' ही दोन शब्दांची विनंती करा, दहातले चार जण ऐकतात.

पातळीचं: यूट्यूब उणे १४ एलयूएफएसपेक्षा (आवाज कानाला किती मोठा वाटतो याचं माप) मोठा आवाज स्वतःच खाली आणतं, पण हळू असलेला वर उचलत नाही. युरोपातलं टीव्हीचं प्रमाण उणे २३ आहे. थिएटरसाठी वेगळा मिक्स, ऑनलाइनसाठी वेगळा. एकच फाइल दोन्हीकडे चालवली की कुठेतरी भाऊ तरी ओरडतो नाहीतर पुटपुटतो.

चौकट

आवाजवाल्याला जोडून चित्राचं. भिंतीवरचा उन्हाचा तुकडा हा नेमका धोक्याचा शॉट. उजेडाकडून सावलीकडे हळूहळू जाणारी सपाट भिंत ८ बिटमध्ये प्रत्येक रंगाच्या फक्त २५६ पायऱ्यांत मांडली जाते, १० बिटमध्ये १०२४. वर ऑनलाइन कॉम्प्रेशनने त्या पायऱ्या आणखी ठळक होतात आणि भिंतीवर नकाशासारखे पट्टे दिसायला लागतात. थोडा ग्रेन, म्हणजे बारीक दाणेदारपणा टाका, पट्टे मोडतात. फार टाकू नका, कारण ग्रेन साठवतानाच बिटरेट (दर सेकंदाला मिळणारा डेटा) संपतो आणि अंधाऱ्या शॉटचे चौकोन पडतात.

कुंपणावरचा

फोनवर शूट केलंय का? बरेच फोन फ्रेमरेट (सेकंदाला किती चित्रं) एकसारखा ठेवत नाहीत, उजेड कमी झाला की गुपचूप बदलतात. टाइमलाइनवर टाकलं की आवाज हळूहळू मागे-पुढे सरकतो. आधी स्थिर फ्रेमरेटमध्ये बदलून घ्या. फेस्टिवलने डीसीपी (थिएटरात चालवायची डिजिटल प्रत) मागितली तर सेकंदाला २४ फ्रेम्स सगळ्यात बिनघोर.

तिरकस

@कुंपणावरचा, त्यांची फिल्मच न जुळण्याबद्दल आहे. फोनने फुकट मदत केली.

सामान्य_प्रेक्षक

मी जरा वेगळं बोलतो, राग मानू नका.

फिल्म 'स्वतःपुरती' आहे असं शीर्षकातच लिहिलंय. मग दाखवायची कशाला? डायरी लिहिणारा माणूस रस्त्यात अडवून डायरी वाचून दाखवत नाही. आणि दाखवायचीच तर समोरच्याला कळेल असं करायची जबाबदारी कुणाची? आम्ही काहीच न कळून बाहेर पडलो की आमची अभिरुची कच्ची, आणि चुकून आवडलं की तुमची प्रतिभा. 'प्रायोगिक' हे लेबल लावलं की कुठल्याच प्रश्नाचं उत्तर द्यावं लागत नाही, असं माझं आजवरचं निरीक्षण. हलणारा कॅमेरा, टपकणारा नळ, मधेच काळा पडदा. प्रयोग म्हणावा तर तेच ते साहित्य सगळ्यांकडे!

घुबड

नळाबद्दल १०० टक्के सहमत. नळावर बंदीच आणा.

पण कळण्याची अट का? गाण्यातला आलाप कळतो म्हणजे काय होतं? स्टॅन ब्रॅकेज या अमेरिकन प्रायोगिक दिग्दर्शकाने १९६३ मध्ये एक फिल्म कॅमेऱ्याशिवाय केली. पतंगांचे पंख, पानं, गवत पारदर्शक टेपच्या दोन पट्ट्यांमध्ये चिकटवून त्याचीच फिल्म छापली. त्यात कळण्यासारखं काही नाही. डोळ्यांसमोर चारेक मिनिटं पंख फडफडतात आणि संपते. ज्याला आवडत नाही त्याला नाही आवडत, त्याची अभिरुची कच्ची असं म्हणणारा मूर्ख.

रिळवाला

@सामान्य_प्रेक्षक, तुमचा मुद्दा जुना आहे आणि चुकीचा नाही. फक्त, सर्वसामान्य प्रेक्षक आणि प्रयोग यांची गाठ पडतच नाही असं समजू नका. फिल्म्स डिव्हिजनच्या छोट्या फिल्म्स थिएटरांत मुख्य सिनेमाच्या आधी सक्तीने दाखवल्या जायच्या. प्रमोद पतींनी १९६८ मध्ये 'एक्सप्लोरर'सारखी झपाट्याच्या कटांची, निवेदन नसलेली फिल्म केली ती याच सरकारी संस्थेत. प्रयोग करायला कोपऱ्यातला क्लबच लागतो असं नाही.

सामान्य_प्रेक्षक

सक्तीने दाखवल्या जायच्या, हे तुम्हीच लिहिलंत. माझं काम सोपं केलंत. :)

हिशेबनीस

सगळे कलेत रमलेत, मी जरा कागदपत्रांकडे येते. भावाला विचारलंय का?

खाजगीत पाठवलेला आवाज आहे. त्याने तुम्हाला पाठवला, वीस अनोळखी लोकांना नाही. फेस्टिवलच्या अर्जावर 'यातल्या सर्व सामग्रीचे हक्क माझ्याकडे आहेत' या ओळीखाली सही करावी लागते. साध्या दोन ओळींची लेखी संमती घ्या: कुठल्या नोट्स, कुठे कुठे दाखवणार, ऑनलाइन कायमची राहणार का.

आणि पार्श्वभूमीला कुठे गाणं वाजत नाहीये ना? संगीत घातलं असेल तर क्रिएटिव्ह कॉमन्सचा परवाना नीट बघा. ज्यावर 'एनडी' असतं, म्हणजे बदल करून वाटायला मनाई, ते गाणं फिल्मला जोडता येत नाही. चित्राशी जोडणं हाच बदल धरतात. फुकट दिसलं म्हणून उचलणारे तिथे हमखास अडकतात.

अर्धविराम

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढ्या प्रतिक्रिया येतील असं वाटलं नव्हतं.

@हिशेबनीस ताई, भावाची लेखी संमती सुरुवातीलाच घेतली आहे. कुठल्या नोट्स ते त्यानेच ऐकून ठरवलं, दोन काढायला लावल्या. त्यातली एक माझी सगळ्यात आवडती होती, पण तो म्हणाला नको, विषय संपला.

गाण्याचं मात्र बरोबर ओळखलंत. एका नोटेत तो दुकानासमोर उभा आहे आणि मागे रेडिओवर गाणं चालू आहे. तो म्हणतो, 'हे ऐक, आपण भांडायचो ना यावरून' आणि मग बोलतच नाही, फोन नुसता धरून ठेवतो. तो भाग काढला तर फिल्मचा कणाच जातो.

@कुंपणावरचा, नाही, कॅमेरा होता. फोन फक्त भावाकडे. :)

हिशेबनीस

मग दोन परवानग्या लागतील. चाल आणि शब्द ज्यांच्या मालकीचे त्यांची एक, ध्वनिमुद्रण ज्या कंपनीचं तिची वेगळी. काही वेळा फक्त फेस्टिवलपुरती परवानगी मिळते, ऑनलाइनची नाही. पत्र पाठवून बघा, पण उत्तर येईस्तोवर फिल्म अडवून ठेवू नका. परवानगीशिवाय ऑनलाइन टाकलीत तर यंत्रणा गाणं आपोआप ओळखते आणि काही वेळा तेवढा आवाजच बंद करते.

आवाजवाला

मग तो आवाज तुम्हीच बंद करा ना! 'हे ऐक, आपण भांडायचो ना यावरून' हे मागच्या गाण्यासकट पूर्ण गायब. पडद्यावर त्याचं वाक्य फक्त अक्षरांत, खाली तुमच्या खोलीचा आवाज. तो 'ऐक' म्हणतोय आणि आम्हाला काही ऐकू येत नाही. आम्ही आपापलं गाणं लावून घेऊ.

खिडकी

@आवाजवाला, क्या बात है! पण एकच एक जागा अशी ठेवली तर तांत्रिक बिघाड वाटेल. आधी कुठेतरी, बिनमहत्त्वाच्या नोटेत, एकदा आवाज जाऊन अक्षरं यायला हवीत. 'बस चुकली'ला वगैरे.

सामान्य_प्रेक्षक

अर्धविराम यांच्याकडे व्यनिमध्ये (व्यक्तिगत निरोपात) लिंक मागितली होती, त्यांनी लगेच पाठवली. (बोलून मोकळं होण्यापेक्षा बघावं म्हटलं.) हेडफोन लावून बघितली.

प्रामाणिकपणे: मधली दोन-तीन मिनिटं माझ्यासाठी लांबली. पंखा दोनदा आहे, एकदा पुरे होता. जिन्यावरच्या धापेच्या वेळी मात्र पडद्यावर तुमची रिकामी खुर्ची आहे. तिथे मला माझ्या एका माणसाची आठवण झाली. ते इथे लिहीत नाही.

पण एक शंका आहे. आवाज-चित्र कुठेच जुळत नाहीत असं तुम्ही वर म्हणालात. जुळतं की! तो 'कुलूप लावलं का आठवत नाहीये' म्हणतो त्याच वेळी तुमच्या दाराची कडी दिसते. नजरचूक आहे का?

अर्धविराम

मुद्दाम आहे. अख्ख्या फिल्ममध्ये एकदाच. इथे मी ते लिहिलं नव्हतं, कुणाला दिसतं का बघायचं होतं.

सामान्य_प्रेक्षक

मला दिसलं, कारण 'जुळत नाहीत' हे मी इथे आधीच वाचलं होतं आणि तुम्हाला पकडायला टपून बसलो होतो. काही न सांगता बघितली असती तर दार आलं, कडी आली, गेली. म्हणजे तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर माझ्यापुरतं तरी खिडकी यांच्या बाजूने आहे. सांगा. तेवढंच सांगा.

घुबड

सामान्य_प्रेक्षक यांनी आयडी बदलावा.

अर्धविराम

हं. यावर वाद घालायला बसलो होतो, पण मुद्दा सापडेना. तरी 'आवाज आणि चित्र वेगवेगळ्या ठिकाणचे आहेत' एवढंच म्हणेन. 'कुठेच जुळत नाहीत' म्हटलं तर सगळेच टपून बसतील आणि ते कोडं होईल.

पंखा एक काढतोय. पुढच्या महिन्यात पंधरा-वीस जणांना खोलीत दाखवतो, दोनदा, मधे गप्पा. मग फेस्टिवल, तीन-चारच. गाण्याच्या जागेची आवाजवाला यांची युक्ती करून बघतो. अक्षरं चित्रात पक्की छापू की सबटायटलसारखी वेगळी फाइल ठेवू?

रिळवाला

ती अक्षरं फिल्मचाच भाग आहेत, चित्रातच छापा. बाकी नोट्सची सबटायटल्स मात्र वेगळ्या एसआरटी फाइलमध्ये ठेवा आणि एक आवृत्ती सबटायटल्सविना तयार ठेवा, दुसऱ्या भाषेतले महोत्सव ती मागतात. दोन ओळींच्या वर जाऊ नका. दोघांच्या जागाही वेगळ्या ठेवा: छापलेली अक्षरं पडद्याच्या मधोमध, सबटायटल्स तळाशी. नाहीतर गाण्याच्या जागी दोन्ही एकमेकांवर चढतील.

चौकट

आणि शुद्ध पांढरी नकोत. अंधाऱ्या खोलीत डोळ्यात घुसतात. किंचित करडी करा.